पीएस २ वर क्रॅश टीम रेसिंग सेव्ह होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी परभणीची. दिवाळीला दादा सहा वर्षांनी घरी येतोय, मामाची दोघंही येतायत. त्याआधी हे काम मार्गी लागावं म्हणून धागा काढतेय.

२००२ च्या उन्हाळ्यात मामाने औरंगाबादहून वापरलेलं प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, आणलं होतं. सोबत दोन डिस्क, क्रॅश टीम रेसिंग आणि क्रॅश बॅश. क्रॅश बँडिकूट आम्हाला आधीपासून माहीत होता. १९९६ चा तो उड्या मारत खोकी फोडायचा गेम आम्ही दुकानात तासावर पैसे देऊन खेळायचो. पण त्याला गाडीत बसलेला पाहिला आणि बाकी सगळं मागे पडलं. बॅशमध्ये अस्वलाच्या पिल्लांवर बसून एकमेकांना बर्फावरून ढकलायचं, त्यावरून आम्हा चौघांची खरीखुरी भांडणं व्हायची.

अडचण एकच होती, गेम कुठवर आला ते साठवून ठेवणारं मेमरी कार्ड नव्हतं. म्हणून टीव्ही बंद करायचा, मशीन तसंच चालू ठेवायचं आणि जेवायला जायचं. आजी म्हणायची, "लेकरांनो, त्या डब्याला जरा इसावा द्या." पण तेव्हाचं भारनियमन तुम्हाला आठवत असेलच. लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. रिपर रू, पापू पापू, कोमोडो जो, पिनस्ट्राइप, गेममधल्या या चार खलनायकांना हरवून चार किल्ल्या मिळवल्या की मग सगळ्यात मोठ्या नायट्रस ऑक्साइडशी शर्यत. दादा तिथवर दोनदा पोचला. ऑक्साइड हिरवा दिवा लागायच्या आतच गाडी काढतो, त्यामुळे पहिल्या वेळी हरला. दुसऱ्या वेळी शर्यत लावायच्या आधीच लाईट गेली. ती शर्यत आमची आजतागायत राहिली आहे.

आता मी जुना पीएस २ (प्लेस्टेशन २) घेतलाय, टीम रेसिंगची डिस्कही मिळवली. अडचणी अशा:

पीएस २ चं ८ एमबीचं कार्ड घातलंय. पीएस २ चे गेम त्यावर व्यवस्थित सेव्ह होतात, पण टीम रेसिंग म्हणतं कार्डच नाही. खाच बदलून पाहिली, कार्ड पुसून पाहिलं.

दुसरं, पॉवर स्लाइड, म्हणजे वळणावर घसरत वेगाचा झटका घेणं, जमेनाशी झालीय. वळणावर आर१ बटण दाबून धरायचं, गाडी घसरायला लागली की धूर काळा पडताच एल१, असं लागोपाठ तीनदा. हे माझ्या बोटांत आहे. तरी नव्या एलईडी टीव्हीवर तिसरा झटका दर वेळी हुकतो. बटणं नवी आहेत.

तिसरं, चौघांना एकत्र खेळायचं तर काय लागेल?

---

गोदाकाठ:
ताई, कार्ड खराब नाही. तुमची डिस्क पीएस १ ची, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनची आहे. पीएस १ च्या डिस्कला पीएस १ चंच कार्ड लागतं, मशीन पीएस २ असलं तरी. ते १५ ब्लॉकचं छोटं कार्ड त्याच खाचेत बसतं. पीएस १ चा सेव्ह पीएस २ च्या कार्डावर कॉपी करून ठेवता येतो, पण गेम तो तिथून वाचत नाही. विकत घेताना दुकानातच लावून, एकदा सेव्ह करून बघा.

जुनी_डिस्क:
टीव्हीचं म्हणाल तर दोष तुमच्या बोटांचा नाही. एलईडी टीव्ही जुनं चित्र मोठं करून दाखवण्यात वेळ घालवतो, तेवढ्यात काळा धूर येऊन गेलेला असतो. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. घरात जुना डबा टीव्ही असेल तर सोन्याहून पिवळं. आणि शर्यतीत वाटेवर मिळणारी दहा वुम्पा फळं जमवून ठेवा, गाडीचा वेगही वाढतो आणि हत्यारंही जोरकस होतात.
चौघांसाठी मल्टीटॅप, म्हणजे एका खाचेला जास्त कंट्रोलर जोडायचा जोड, लागेल, पण पीएस १ चा बघा. पीएस २ चा पहिला मल्टीटॅप पीएस १ च्या गेमला चालत नाही.

लातूरकर८७:
एवढी यातायात नको असेल तर याच गेमचा नवा अवतार, २०१९ चा नायट्रो-फ्यूल्ड घ्या. पीएस ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर आहे, जुने सगळे ट्रॅक आहेत, एकाच पडद्यावर चौघं खेळतात. क्रॅशचाच २०२३ चा टीम रम्बल मात्र घेऊ नका, तो ऑनलाइन चार विरुद्ध चार आहे, घरात एका टीव्हीसमोर बसून चौघांना खेळता यायचं नाही.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरकर, नायट्रो-फ्यूल्ड भाच्यांसाठी नक्की घेईन, पण दादाची शर्यत जुन्याच गेममध्ये राहिलीय, ती तिथेच व्हायला हवी.

कार्ड मिळालं. काल रात्री रिपर रूला हरवलं, सेव्ह केलं, मुद्दाम मशीनचा प्लग काढला आणि पुन्हा लावला. किल्ली जागेवर होती! मी तशीच जमिनीवर बसून कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. डबा टीव्ही काकांच्या माळ्यावर आहे, रविवारी उतरवतेय. उरलेल्या तीन किल्ल्यांना मी हात लावणार नाही, त्या दादाच्या.

आता फक्त पीएस १ चा मल्टीटॅप राहिलाय. परभणी, नांदेड, जालना, कुठेही कुणाकडे पडून असेल तर कळवा, मी स्वतः न्यायला येईन.