घरची टीम पुढे न्यावी, की बाहेरच्या टीममध्ये सीट घ्यावी?

धागाकर्ता (इंदूर)
माझ्या मावसभावाचं जुन्या इंदुरात गॅरेज आहे. त्याची मुलगी १४ वर्षांची, कार्टिंगमध्ये (छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतीत) चांगली धावते. टीम म्हणजे घरचीच माणसं. इंजिन बापाकडे, डेटा थोरल्या भावाकडे, टायर-तिकिटं-जेवणखाण आईकडे. कार्टिंगनंतरची पायरी म्हणजे फॉर्म्युला ४ (एफ-४). तिथे वय किमान १५ लागतं, म्हणजे आता ओपन-व्हील (उघड्या चाकांच्या, एकाच सीटच्या) गाडीचा प्रश्न दारात आलाय. नातेवाइकांत दोन तट पडलेत. काही म्हणतात, नावाजलेल्या टीममध्ये पैसे भरून सीट घ्या. मी म्हणतो, घरचीच टीम पुढे न्या.

कार्टला डिफरन्शिअल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतं. मागचा ॲक्सल म्हणजे एक अखंड दांडा, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं नाही तर कार्ट सरळच रेटत राहते. किती उचलायचं ते ॲक्सल किती कडक, सीट कुठे बसवली, टायरमध्ये हवा किती यावर ठरतं. ही पोर पिटमध्ये येते, हेल्मेट काढायच्या आधीच "बाबा, चाक उशिरा खाली येतंय" म्हणते आणि बाप पाना उचलतो. फॉर्म्युला वन गाजवलेल्या मॅक्स व्हर्स्टापेनच्या कार्टच्या इंजिनांवर त्याचे वडील स्वतःच राबायचे. इतकी जुळलेली जोडी कशाला मोडायची?

पिथमपूरकर
दादा, व्हर्स्टापेनचं उदाहरण अर्धंच घेतलंत. २०१४ मध्ये फॉर्म्युला ३ ची वेळ आली तेव्हा तो व्हॅन ॲमर्सफूर्ट या मुरलेल्या टीमकडे गेला, आणि वडील तर स्वतः फॉर्म्युला वनमध्ये धावलेले. एफ-४ गाडीला कार्बनचा मोनोकॉक (ड्रायव्हरभोवतीचा एकसंध सांगाडा), डॅम्पर (धक्के शोषणारे), अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारा दांडा), पुढे-मागे विंग. वेग वाढला की विंग गाडीला खाली दाबते, म्हणजे हळू वळणात जमलेलं सेट-अप (गाडीची जुळणी) वेगवान वळणात उलटं पडू शकतं. कार्टमध्ये हा विषयच नसतो. गॅरेजवाल्या भाऊसाहेबांच्या हाताला माझा सलाम, पण हे शिकायला त्यांना दोन हंगाम लागतील आणि ते मुलीच्या खात्यातून जातील.

धागाकर्ता
घरच्या टीमा ओपन-व्हीलमध्ये चालत नाहीत असं कुठंय? इटलीतली प्रेमा ही रेसिंग टीम १९८३ साली अँजेलो रोसिन यांनी उभी केली, पुढे मुलगा रेने यांनी चालवली.

पिथमपूरकर
आणि गाडीत बसली ती इतरांची मुलं! तिथं कुटुंब टीम चालवतं. इथं ज्याचं काळीज गाडीत बसलंय तोच बाहेरून गाडी हाताळणार. माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

एक आई, सुदामानगर
मला याच मुद्द्यावर बोलायचंय. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दुचाकी शर्यतीत १३ वर्षांचा मुलगा गेला. तेव्हापासून अशा प्रत्येक चर्चेत मी एकच विचारते : आज गाडी बाहेर काढायची नाही, हे कोण म्हणणार? दीड हजार किलोमीटर ट्रेलर ओढत कोइमतूरला पोचलात, एन्ट्री फी भरली, टायरचे पैसे उधारीचे. सकाळी सस्पेन्शनच्या वेल्डिंगजवळ बारीक रेघ दिसली. रंग उडालाय की तडा गेलाय? पगारी मेकॅनिक "नाही" म्हणून मोकळा होतो. बापाला ती रेघ रंगाचीच दिसावीशी वाटते. त्यात त्याची नियत खोटी नसते, पण त्या क्षणी त्याच्यावर विसंबू नये. आणि पोरीला ब्रेक घट्ट वाटत नसेल, तरी ती घर गहाण ठेवलेल्या बापाला सांगेल का?

जुना इंदुरी
ताई, भीती रास्त आहे, पण दुचाकी आणि हेलो (डोक्याभोवतीची संरक्षक कमान) लावलेली एफ-४ यांत फरक करा. आणि सगळेजण एफ-४ वरच का अडलेत? कोइमतूरचे रेसर करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर स्वस्तातली सिंगल-सीटर बांधली. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन, त्याची सुरुवात त्याच गाडीतली. कोइमतूरच्या कारी स्पीडवेला नाव करिवर्धन यांचंच. आजची एलजीबी फॉर्म्युला ४ (नाव तसं असलं तरी ती एफ-४ नव्हे, साधी देशी गाडी) सुद्धा मारुतीच्याच इंजिनावर धावते, आणि ते इंजिन आपल्या गॅरेजवाल्याला डोळे मिटून खोलता येतं. घरच्या टीमला पहिली पायरी ती. सरावासाठी पिथमपूरचा नॅट्रॅक्स (गाड्या तपासायचं केंद्र) आहेच जवळ.

पिथमपूरकर
काका, एलजीबीचं पटलं. नॅट्रॅक्सचं नाही. तिथला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक कंपन्यांच्या गाड्या सलग वेगात तपासायला आहे. या मुलीला हवंय उशिरा ब्रेक मारून गाडी वळवणं, ते अंडाकृती ट्रॅकवर कसं शिकणार? आणि इंदुराचंच सांगतो. होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली. मुश्ताक अली इथलेच, पण सी. के. नायडूंना होळकरांनी नागपूरहून आणलं होतं. बाहेरचा जाणकार आणल्यानं घरचं नाव कमी होत नाही.

धागाकर्ता
एलजीबीतून सुरुवात, हे मी घरी मांडणार. बापाला बाजूला करा हे मात्र अजूनही मान्य नाही. सीट विकत घेतली की शर्यतीच्या दिवशी तिची गाडी कोण बांधतंय, कालचा टायर परत तिलाच लावलाय का, हे विचारायलाही आपल्याला जागा उरत नाही. पैसे भरणारी दहा मुलं असली की इंजिनिअर आधी कोणाकडे वळतो, तेही बघितलंय. ताईंच्या मुद्द्यावर एक सुचतंय : गाडी ट्रॅकवर जाणार की नाही याचा शेवटचा शब्द बाहेरच्या एका मेकॅनिकचा, आणि त्याचे पैसे हंगामाच्या सुरुवातीलाच पूर्ण द्यायचे, म्हणजे शर्यत रद्द झाली तरी त्याचं नुकसान नाही.

एक आई, सुदामानगर
पैसे आधी देणं चांगलं. पण तो मेकॅनिक वडिलांच्या ओळखीतला नको, आणि रेडिओवर मुलीशी बोलायचा हक्क फक्त त्याला. हे दोन्ही मान्य असेल तर माझा विरोध अर्ध्यावर येतो. दहावीचं वर्ष आहे, त्याबद्दल घरात कोणी काही बोललंय का?