‘स्टार्व्हेशन वेजेस’साठी मराठीत कोणता शब्द?

वाटसरू

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी १८ मार्च १९६८ रोजी तिथल्या मेम्फिस शहरात संपावरच्या सफाई कामगारांपुढे भाषण केलं. इतक्या श्रीमंत देशात राहून माणसांना ‘स्टार्व्हेशन वेजेस’ मिळणं हा गुन्हा आहे, असं ते त्यात म्हणाले. कामगारांच्या अभ्यासवर्गासाठी त्या भाषणाचं मराठी करायचं आहे. ‘तुटपुंजा पगार’, ‘अपुरं वेतन’, ‘उपासमारीची मजुरी’ यांतलं काय घ्यावं? आणि ‘ऑल लेबर हॅज डिग्निटी’ या वाक्याला ‘श्रमप्रतिष्ठा’ चालेल का? वाचणारे बहुतेक कंत्राटी कामगार आणि अंगणवाडी सेविका आहेत.

दप्तरी

‘तुटपुंजा’ घेऊ नका. पाऊस तुटपुंजा असतो, धरणातला साठाही तुटपुंजा असतो. त्या शब्दात देणारा कुठे दिसत नाही, आणि किंग यांचं बोट नेमकं देणाऱ्याकडे आहे.

तिथली स्थिती बघा. मेम्फिस शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगार १२ फेब्रुवारीपासून संपावर होते. मजुरी तासाला १ डॉलर ७० सेंटच्या आसपास. देशाचं किमान वेतन तेव्हा १ डॉलर ६० सेंट होतं, म्हणजे कायद्याच्या नजरेत शहराची काही चूक नव्हती. तरीही पूर्ण वेळ राबणाऱ्या अनेकांची कुटुंबं सरकारी मदतीला पात्र ठरत होती. नेमून दिलेल्या गल्ल्या संपेपर्यंत काम करायचं, जादा वेळेचे पैसे नाहीत. पाऊस लागला की कृष्णवर्णीयांना घरी पाठवून मजुरी कापायची, गोऱ्या पर्यवेक्षकांना मात्र दिवसभराचा पगार. १ फेब्रुवारीला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं आणि ते चिरडून मेले. विमा नव्हता. शहराने एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले.

म्हणून माझं मत ‘उपाशी ठेवणारी मजुरी’ला. ‘वेतन’ म्हटलं की आपल्याकडे वेतनश्रेणी आणि वेतन आयोग आठवतो. मेम्फिसचे हे लोक रोजंदारीवरचे होते. त्यामुळे मजुरीच बरोबर.

रानजाई

अर्थ बरोबर आहे, पण भाषणात तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारावा लागणार. ‘अर्धपोटी मजुरी’ म्हणा. फलकावरही मावतं आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘उपासमारीची मजुरी’ मात्र टाळा. ‘बांधकामाची मजुरी’ म्हणजे बांधकाम केल्याबद्दलची मजुरी, तसं उपासमार केल्याबद्दलची मजुरी असं ते ऐकू येतं.

‘श्रमप्रतिष्ठा’बद्दल मात्र माझा ठाम विरोध. हा शब्द मराठीत शाळेच्या भिंतीवर आणि श्रमदानाच्या शिबिरात वाढला. तो काम करणाऱ्याला उपदेश करतो: कोणतंही काम हलकं मानू नका, लाजू नका. किंग यांचं वाक्य उलट दिशेने जातं. आपलं काम हलकं आहे असं मेम्फिसचे कामगार मानतच नव्हते, महापौर हेन्री लोब मानत होते. किंग यांचा युक्तिवाद साधा होता: कचरा उचलणारा डॉक्टरइतकाच महत्त्वाचा, कारण त्याने काम थांबवलं की रोगराई पसरते. मग त्या कामाचा दाम तसा द्या. म्हणजे वाक्य पैसे देणाऱ्याला उद्देशून आहे. ‘श्रमप्रतिष्ठा’ घातलंत तर सगळं भाषण संपकऱ्यांना दिलेल्या शिकवणीसारखं होईल.

त्यांनी ‘डिग्निटी’ला जोडून ‘वर्थ’ही म्हटलं आहे. मराठीत जोडी तयारच आहे: मान आणि मोल. ‘प्रत्येक कामाला मान आहे आणि मोल आहे.’ मोलमजुरीतलं, मोलकरणीतलं हेच मोल, त्यामुळे पैशाचा अर्थ आपोआप येतो.

हिशेबनीस

‘लिव्हिंग वेज’चा उल्लेख आला तर सांभाळा. आपल्याकडे १९४८ मध्ये नेमलेल्या रास्त वेतन समितीने तीन पायऱ्या ठरवल्या: खाली किमान वेतन, मध्ये रास्त वेतन, सर्वांत वर निर्वाह वेतन. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्येही निर्वाह वेतनच आहे. पण ‘निर्वाह’ शब्दाने घोटाळा होतो. निलंबित कामगाराला चौकशीच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या, नियमांनुसार पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा. त्यामुळे कामगाराच्या कानाला ‘निर्वाह’ म्हणजे कसंबसं तगणं, आणि सर्वांत वरची पायरी सर्वांत खालची वाटते. भाषांतरात ‘जीवनवेतन’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या: खाणंपिणं, घर, मुलांचं शिक्षण, आजारपण आणि म्हातारपणाची तरतूद यांना पुरेल असं वेतन.

वर्गात आकडे मागितले तर १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष सांगा. कमावणाऱ्यामागे तीन उपभोग घटक (नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून तीन प्रौढांइतका खर्च), प्रत्येकी रोज २,७०० कॅलरी, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्च म्हणून एकूण किमान वेतनाच्या २० टक्के. शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात जोडले. हिशेब करताना नेहमीची चूक म्हणजे एकट्या कामगाराचा खर्च धरायचा. घटक तीन आहेत.

दुसरी गोष्ट भाववाढीची. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या पावतीवर मूळ वेतन आणि विशेष भत्ता अशा दोन ओळी असतात, आणि हा भत्ता दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. अमेरिकेच्या संघराज्य किमान वेतनाला अशी जोड नाही. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला तरच ते वाढतं, म्हणून २४ जुलै २००९ पासून ते ७ डॉलर २५ सेंटवर थांबलं आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे एकही खाडा न करता राबलं तर १५,०८० डॉलर. १९६८ चे १ डॉलर ६० सेंट म्हणजे २०२४ च्या किमतीत सुमारे १४ डॉलर. किंग यांनी ज्यात भाषण केलं त्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची मागणी तासाला २ डॉलरची होती, ते सुमारे २० डॉलर होतात. मेम्फिस ज्या टेनेसी राज्यात आहे त्या राज्याचा स्वतःचा किमान वेतन कायदाच नाही, आणि खासगी मालकांना जास्त वेतनाची अट घालायला राज्याने २०१३ मध्ये शहरांनाही मनाई केली. किंग यांचं वाक्य तिथे आजही जसंच्या तसं लागू पडतं.

वाटसरू

‘मान आणि मोल’ घेतो. पण सेविकांच्या वर्गात लगेच प्रश्न येईल: आम्हाला मिळतं ते मानधन, मग आमचं काय?

रानजाई

तो प्रश्न यायलाच हवा, त्यासाठी तासातला निम्मा वेळ ठेवा. मानधन हा पाहुण्या वक्त्याला, परीक्षकाला द्यायचा शब्द. तोच रोज येऊन पोषण आहार, वजनांची नोंद, लसीकरणाच्या याद्या सांभाळणाऱ्या बाईला लावला की ती कामगार राहत नाही. मग किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. जोडीला ‘सेविका’ आणि ‘स्वयंसेविका’ ही नावं: सेवा म्हटली की मोल मागायची चोरी. शब्दात मान दिला आणि त्याच शब्दाने मोल काढून घेतलं, हे मला फार खुपतं.

न्यायालयात हे अंशतः हललं आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या खटल्यात त्यांचं मानधन हे उपदान कायद्याच्या व्याख्येतलं वेतनच आहे असं ठरवलं आणि उपदानाचा हक्क मान्य केला. वर्गात ‘ग्रॅच्युइटी’ म्हणा, उपदान कोणी बोलत नाही. हा निकाल ग्रॅच्युइटीपुरता आहे, सगळ्या कामगार कायद्यांसाठी नाही, हेही सांगा. नाहीतर नसती आशा लागते.

दप्तरी

दोन शब्द राहिले. संपकऱ्यांच्या फलकावरचं ‘आय ॲम अ मॅन’ म्हणजे ‘मी माणूस आहे’. नातवंडं असलेल्या माणसालाही तिथे ‘बॉय’ म्हणून हाक मारत, आपल्या ‘ए पोऱ्या’सारखी, फलक त्याला उत्तर होतं. तळटीप द्या.

दुसरा ‘चेक-ऑफ’. ‘पगारातून युनियनची वर्गणी कापणे’ असं सरळ लिहा. संपाची ही मुख्य मागणी होती, कारण महिन्याला घरोघर जाऊन वर्गणी गोळा करणारी युनियन मालक सहज मोडू शकतो. लोब याला शेवटपर्यंत तयार नव्हते. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली आणि १६ एप्रिलला समझोता: युनियनला मान्यता, शहराने स्वतः न कापता कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेमार्फत वर्गणी, मे महिन्यापासून तासाला १० सेंट आणि सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट वाढ. ‘क्रेडिट युनियन’ला पतसंस्था हा शब्द अगदी बरोबर बसतो, तिथे ‘युनियन’ तसंच ठेवलंत तर ती कामगार संघटनाच वाटेल.