मोसंबीत खारीचा त्रास, इंग्लंडसारखे पिंजरे लावावेत का?

मोसंबीवाला_अंबड
आमच्याकडं मार्च लागला की खारी ड्रिपच्या नळ्या कुरतडतात, मोटर चालू केली की जागोजागी कारंजी, जॉइनर लावून लावून लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली नळी, निम्मी जोडाचीच झालीय. परवा युट्यूबवर बघितलं की इंग्लंडात करड्या खारी पिंजरे लावून मारतात अन् पिंजऱ्यात सापडलेली परत सोडायला तिथं कायद्यानं बंदी आहे. मेहुणा म्हणतो आपण बी विषारी औषध टाकू. टाकावं का?

रानवाट_नांदेड
दादा औषध अजिबात नको. तिकडची करडी खार मुळात उत्तर अमेरिकेतली, 1876 ला हौसेनं इंग्लंडात चेशायरला आणून सोडली. तिच्यासोबत स्क्विरलपॉक्सचा विषाणू फिरतो, तिला स्वतःला काही होत नाही पण तिथल्या मूळच्या तांबड्या खारीला लागला की बहुतेक पंधरवड्यात खेळ खलास. वरून ओक, बीचच्या तरण्या झाडांची साल काढते, साल गोल निघाली की वरचं झाड वाळतंच. वेल्समधल्या अँगलसी बेटावर 1998 पासून पिंजरे लावून तिला संपवायला पंधराएक वर्षं गेली, अन् पुलावरून परत येते म्हणून पाळत अजून चालूच आहे. आयर्लंडात मात्र पाईन मार्टन नावाचा मुंगसाएवढा शिकारी प्राणी वाढला तिथं करडी कमी झाली अन् तांबडी परत दिसायला लागली, मला तर हाच उपाय सगळ्यात भारी वाटतो. आपली पट्ट्यांची खार इथलीच आहे हो, ती कुणाला हुसकावून आलेली नाही.

लिंबोणी
बरोबर. पण आपलीच पाच पट्ट्यांची खार ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात 1898 ला नेली, तिथून बाहेर पसरली अन् तिथं आता ती उपद्रवी धरतात. म्हणजे जनावर तेच, जागा बदलली की हिशोब बदलतो.

बापू_पैठण
भाऊ, उन्हाळ्यात रानात कुठं थेंब नसतो म्हणून ती नळी फोडते. बांधावर झाडाच्या सावलीत मातीची पसरट भांडी ठेवा, लॅटरलपासून लांब, अन् नळ्या मातीनं नाहीतर पाचटानं झाका, उघडी चकचकीत नळी आधी फुटते. आमच्याकडं यानं लई फरक पडला. औषधानं मेलेली खार मांजरानं, घुबडानं खाल्ली की ते बी जातं, मग उंदीर कोण धरणार?

मोसंबीवाला_अंबड
मेहुण्याला वाचून दाखवलं बापू. भांडी रोज भरावी लागतील का?

बापू_पैठण
रोज, सकाळीच. एक दिवस कोरडं राहिलं की परत नळीवर येते.