जखम पायाला, इलाज पोटात?

शिवडीकर
अंगारकीला बाबा शिवडीहून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी गेले. टाचेला फोड आला, त्यांना पत्ताच नाही. आईला चादरीवर डाग दिसला तेव्हा कळलं. शुगर जुनी, जखम तीन महिने ओली.

म्हणून वाचायला बसलो. पोटातले जीवाणू भाजी-डाळीतला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर टिकतं. अस्तर विरलं की जीवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि अंगात बारीक दाह धुमसत राहतो. मधुमेहींच्या जखमेत जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी आधीच लढाईत अडकलेल्या, डागडुजीकडे वळतच नाहीत. हळदीतलं कर्क्युमिन, दारुहळदीतलं बर्बेरीन रक्तात जेमतेम शोषलं जातं. बरंचसं आतड्यातच, जीवाणूंच्या तावडीत राहतं, म्हणजे काम झालंच तर पोटातूनच. माझं मत, जखम बघताना डॉक्टरांनी ताटाचीही चौकशी करावी.

ड्रेसिंगवाली
यातलं बरंचसं उंदरांवरचं आहे हो. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, आपली खालून भरत यावी लागते. परवाच एक पाय आला, हळद-तेलाचा लेप वाळून खपली झालेली. कडेने भिजवून सोडवायला वीस मिनिटं गेली. खाली पू. शुगरने पाय बधिर, बाईंना दुखलंसुद्धा नाही, भीती त्याचीच वाटते.

शिवडीकर
लेपाचं मी बोललोच नाही! पोटाचं बोलतोय.

गिरगावचा_भाचा
ताई, हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआरने (सरकारी संशोधन संस्था) भांडून १९९७ला रद्द करवलं. गोऱ्यांना पटलं, तुम्हालाच पटत नाही?

ड्रेसिंगवाली
रद्द का झालं? 'हे नवं नाही, भारतात आधीपासून माहीत आहे' म्हणून. मधुमेहाच्या पायावर चालतं असा निकाल नव्हता तो.

माटुंगा_मायक्रो
दोघांचंही अर्धंअर्धं. डाळिंबातल्या एलॅजिटॅनिन या द्रव्यापासून युरोलिथिन हे उपयोगी द्रव्य बनवणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतातच. एकच डाळिंब नवरा-बायकोने वाटून खाल्लं तरी हाती लागेल ते वेगळं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही आतड्यातली जीवाणूंची वस्ती बदलते. मग बाबांना नक्की काय खायला सांगणार? आणि बर्बेरीनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, मधुमेहाच्या औषधांवर साखर खाली कोसळू शकते.

शिवडीकर
गोळ्या नाहीच. पालेभाजी, उसळ, ताक. त्यात कुणाचं काय बिघडतंय? उलट अँटिबायोटिकने पोटातले चांगले जीवाणूही मरतात, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

ड्रेसिंगवाली
मरू देत. चिघळलेल्या पायाचा कोर्स अर्धवट सोडला तर बोटं जातात. उसळ खुशाल द्या, शुगर बघून. पण टाचेवरचा भार काढलाय का? बाबा घरात चप्पल घालतात?

शिवडीकर
नाही. खोली एकच, देव्हारा त्यातच. आई घालू देत नाही.

ड्रेसिंगवाली
मग आधी आईंशी बोला.