अकीक घासायला डायमंड पॅड: सुरुवात कुठल्या नंबरपासून?

गारगोटीवेडा: गावच्या ओढ्यात अकीकाचे पाचसहा गोटे मिळालेत. साध्या पॉलिश पेपरने दोन रविवार घासले. हात भरून आले, दगड जसाच्या तसा! डायमंड पॅडचा, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या घासायच्या चकत्यांचा, संच घेतोय. ५० नंबर (सगळ्यात जाड) ते ३००० (सगळ्यात बारीक) सगळे लागतात का?

खडेवाला_नाशिक: ५० नको, खोल ओरखडे पाडतो. १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० पुरे. पहिले दोन निकेलवर हिरा बसवलेले घ्या, पुढचे रेझिनचे. खरी गोम २०० ला आहे. दगड पुसून, वाळवून तिरप्या उजेडात धरा. ओल्यावर ओरखडे लपतात. मी घाई केली, तर ३००० नंतर केसाएवढी रेघ चमकली. परत २०० वर! आणि पॅड बदलताना हात, दगड, बादली सगळं धुवा. एक जाड कण पुरतो.

मोरीतला_कारागीर: पाणी हवंच, कोरडं घासलं की सिलिकाची धूळ छातीत जाते. पण साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका हो, शॉक बसेल. हातानेच घासा.

गारगोटीवेडा: आभार. स्टिल्बाइट या खनिजाचा एक तुकडाही आहे, तोही घासू?

खडेवाला_नाशिक: अजिबात नाही! कठीणपणाच्या मोहस् मापावर (१ ते १०) अकीक ७ च्या आसपास, हा जेमतेम ४. पापुद्रे सुटतील. कपाटात ठेवा.