ऱ्हाइनकाठचे किल्ले: एका दिवसाच्या सहलीविषयी विचारणा

प्रेषक: रामश्टाइन येथे नव्याने आलेल्या सभासद

मंडळातील सर्व ज्येष्ठांना आणि मित्रमैत्रिणींना सप्रेम नमस्कार.

माझे यजमान अमेरिकेच्या हवाई दलात असून त्यांची बदली नुकतीच जर्मनीतील रामश्टाइनच्या तळावर झाली आहे. पुढील महिन्यात त्यांना एका शनिवारची रजा मिळण्याची शक्यता आहे आणि त्या दिवशी ऱ्हाइनकाठचे किल्ले पाहावेत अशी मुलांची फार इच्छा आहे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी दोघांनी रायगड पाहिला असल्यामुळे किल्ला म्हटला की त्यांच्या मनात तोच उभा राहतो. सोबत सासूबाई असतील. त्यांना गुडघेदुखीमुळे फार चढता येत नाही. नकाशावर इतके किल्ले दिसतात की कोणते निवडावेत हे कळेनासे झाले आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक: लांडश्टूल येथील सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचेही घर सैन्यातलेच असल्यामुळे रजेचा एकुलता एक दिवस किती मोलाचा असतो, हे मी जाणते. बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंतच्या सुमारे ६५ किलोमीटरच्या खोऱ्यात चाळीसच्या आसपास किल्ले व गढ्या आहेत आणि २००२ पासून हा सारा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत आहे. माझे स्पष्ट मत असे, की आतून दोनच किल्ले पाहावेत: एक कधीही न पडलेला आणि एक सुरुंग लावून उडवलेला. खोऱ्यातले पुष्कळसे देखणे किल्ले, उदाहरणार्थ ऱ्हाइनश्टाइन आणि श्टोल्झेनफेल्स, एकोणिसाव्या शतकात प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजघराण्याने जुन्या अवशेषांवर नव्याने उभारले. ते सुंदर आहेत. परंतु किल्ला लढत कसा होता, हे मुलांना समजावे अशी इच्छा असेल तर ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावेत.

सकाळी लवकर निघून प्रथम सांक्ट गोआर गाठावे आणि ऱ्हाइनफेल्स पाहावा. काट्झेनएल्नबोगेनच्या काउंटने हा किल्ला १२४५ मध्ये बांधला, तो नदीवरून जाणाऱ्या मालावर जकात घेण्यासाठी. जकात वाढवल्यावर नदीकाठच्या शहरांनी एकजूट करून १२५५ मध्ये त्याला वेढा दिला, तो वर्षाहून अधिक काळ चालला, तरी किल्ला पडला नाही. १६९२ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजेलाही तो घेता आला नाही. मात्र १७९४ मध्ये क्रांतिकाळातल्या फ्रेंच सैन्यापुढे तो न लढता शरण गेला आणि त्यानंतर फ्रेंचांनी त्याची तटबंदी सुरुंगांनी उडवली. तटाखाली खोदलेली भुयारे हे इथले खरे आकर्षण आहे. शत्रू बाहेरून सुरुंग खणत आला तर त्याची चाहूल घ्यायची आणि तो वर पोहोचला तर त्याच्या पायाखालची जमीनच उडवायची, अशी ती योजना होती. जी भुयारे पाहण्यास खुली असतील त्यांत विजेरी घेऊनच उतरावे. काही ठिकाणी मोठ्यांना पार वाकून जावे लागते आणि मुले मात्र सहज पुढे जातात.

कोब्लेंझ ते माइंझ या टप्प्यात ऱ्हाइनवर एकही पूल नाही, त्यामुळे सांक्ट गोआरहून मोटारीसह फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. फेरीवर उभे असताना मुलांना जरूर सांगावे, की २६ मार्च १९४५ रोजी अमेरिकेच्या ८९ व्या पायदळ डिव्हिजनने इथेच, पलीकडून होणारा गोळीबार सोसत, नावांतून नदी ओलांडली आणि त्यात अनेक सैनिक कामी आले. त्यांच्या वडिलांच्या गणवेशाचा या नदीशी असलेला संबंध त्यांना त्या पाण्यावरच कळावा, असे मला मनापासून वाटते.

पलीकडच्या काठाने उत्तरेला ब्राउबाख येथे मार्क्सबुर्ग आहे. १२३१ मध्ये ज्याचा पहिला उल्लेख सापडतो असा हा किल्ला, मध्य ऱ्हाइनवरच्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीही उद्ध्वस्त न झालेला एकमेव म्हणून ओळखला जातो. एकामागून एक येणारे दरवाजे, घोडेस्वारांसाठी कातळात कोरलेल्या पायऱ्या, नदीवर रोखलेल्या तोफा आणि मोठ्या चुलखंडाचे स्वयंपाकघर हे सारे तिथे जागच्या जागी आहे. १९४५ च्या मार्चमध्ये पलीकडच्या काठावरून झालेल्या अमेरिकन तोफांच्या माऱ्याने त्याचे बरेच नुकसान झाले होते, ते पुढे दुरुस्त करण्यात आले. आत केवळ मार्गदर्शकासोबत जाता येते आणि इंग्रजी फेऱ्या ठरावीक वेळीच असतात, त्यामुळे वेळ आधी पाहून त्यानुसारच दिवस आखावा.

सासूबाईंनी मात्र मार्क्सबुर्ग चढू नये. वाट उभी आणि पायऱ्या ओबडधोबड आहेत. त्यांच्यासाठी परतीच्या वाटेवर काउब येथे थांबावे. तिथे नदीच्या मधोमध एका खडकावर फाल्झग्राफेनश्टाइन हा किल्ला आहे आणि काठावरच्या बाकावर बसूनही तो पूर्ण दिसतो. तोही जकातीसाठीच बांधला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथे जकात घेतली जात होती. १८१४ च्या नववर्षदिनाच्या सुमारास प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याने नेपोलियनच्या पाठलागात आपली सेना इथूनच पार केली. काउबहूनही मोटारी नेणारी फेरीबोट आहे; संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ तेवढी पाहून ठेवावी.

रजा ऐन वेळी रद्द झाली तर मुलांना घेऊन आमच्या गावावरच्या नानश्टाइन किल्ल्याला यावे. फ्रांझ फॉन झिकिंगेन या सरदाराने तोफांचा मारा सोसेल असा प्रचंड बुरूज इथे बांधला होता, तरीही १५२३ मध्ये तीन संस्थानाधिपतींच्या एकत्रित तोफखान्यापुढे तो टिकला नाही आणि फ्रांझ स्वतः जखमी होऊन तिथेच मरण पावला. तटावरून सारा तळ दिसतो.

प्रेषक: वीसबाडेन येथे मुलीकडे राहणारे सभासद

आपणा दोघींना नमस्कार.

मी भारतीय सैन्यातून निवृत्त झालो आहे आणि वरील आखणी मला पटते. एकच भर घालतो. मुले रायगड पाहून आली आहेत, तर ती तुलना करणारच आणि ती उंचीवरून करू देऊ नये. ऱ्हाइनचे किल्ले नदीच्या इतके जवळ आहेत, कारण त्यांना नदी बंद करायची होती. सह्याद्रीतले किल्ले उंच आहेत, कारण त्यांना मुलूख राखायचा होता आणि वेढ्यात महिनोन् महिने टिकायचे होते. म्हणून आपल्याकडे पाण्याची टाकी आणि अंबारखाने प्रथम पाहावेत, इथे नदीकडे तोंड असलेल्या तोफा पाहाव्यात.

याहून मोठा फरक मालकीचा आहे. मार्क्सबुर्ग १२८३ मध्ये काट्झेनएल्नबोगेन घराण्याने विकत घेतला. किल्ला ही घराण्याची मालमत्ता होती. शिवछत्रपतींनी किल्ला कोणाच्या घरात जाऊ दिला नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी नेमून एकाच्या हाती सारी सत्ता राहणार नाही अशी व्यवस्था केली आणि त्यांच्या बदल्याही होत. बदलीवर जगणाऱ्या घरातल्या मुलांना हे सहज उमजेल.

ऱ्हाइनफेल्सचा शेवटही त्यांना ओळखीचा वाटेल. १८१८ मध्ये मराठी राज्य संपल्यावर इंग्रजांनी कित्येक किल्ल्यांच्या वाटा व दरवाजे तोडले. इकडे ऱ्हाइनफेल्सचे दगड कोब्लेंझसमोरच्या एरेनब्राइटश्टाइन या नव्या प्रशियन किल्ल्याच्या बांधकामाला गेले. दुसऱ्या सहलीत तो अवश्य पाहावा. तिथे दोरवाटेच्या पाळण्यातून नदीवरून थेट वर जाता येते, तेव्हा आपल्या सासूबाईंनाही अडचण येणार नाही.

प्रेषक: रामश्टाइन येथे नव्याने आलेल्या सभासद

ताई आणि काका, मनापासून आभार.

सकाळी ऱ्हाइनफेल्स, दुपारी मार्क्सबुर्गची इंग्रजी फेरी आणि संध्याकाळी काउब असे ठरवले आहे. मार्क्सबुर्गच्या वेळी सासूबाई आणि मी ब्राउबाखच्या गावात थांबू. वर मुले आणि त्यांचे वडील जातील. तीन अधिकाऱ्यांची व्यवस्था मुलीला वाचून दाखवली, तेव्हा तिने विचारले की तिघांचे एकमत झाले नाही तर दरवाजा उघडायचा की नाही हे कोण ठरवत असे. काका, याचे उत्तर आपणच तिला लिहावे.