कुटुंब लहान झाले. घरात पैसा उरला का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये) १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ हून कमी. विदर्भातील खेड्यांतही घरे लहान झाली. त्यामुळे हातात पैसा आला का, हे प्रत्येकाने आपल्या घरावरून लिहावे.

शेतकरी, दर्यापूर तालुका
आजोबांच्या चाळीस एकरांचे पाच हिस्से झाले, वडिलांच्या आठ एकरांचे दोन. राज्यातील सरासरी धारणक्षेत्रही (एका खातेदाराकडची शेतजमीन) १९७०-७१ मधील ४.२८ हेक्टरवरून २०१५-१६ मध्ये १.३४ वर आले, तेव्हा हे केवळ आमच्याच सातबाऱ्याचे नशीब नव्हे. मला एकच मुलगी असल्याने पुढची वाटणी टळली. परंतु आमचे शेत खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, आणि पावसावरच्या चार एकरांत घर चालवणे तिघांनाही जडच जाते.

शेतकरी महिला, घाटंजी तालुका
दोन मुलींनंतर कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा सासूबाईंनी कित्येक दिवस अबोला धरला. थोरली परिचारिका होऊन नागपूरला नोकरी करते. चार लेकरे असती तर तिची फी आम्हाला झेपलीच नसती. कापसाचा हिशेब मात्र वेगळा आहे. पूर्वी सीतादही (पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा) झाले की सासू, जावा, नणंदा मिळून वेचणी उरकत असत. आता बाहेरगावच्या बायांना ऑटोचे भाडे देऊन आणावे लागते, संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगून प्रत्येकीचे गाठोडे मोजावे लागते आणि किलोप्रमाणे मजुरी रोख द्यावी लागते. शेवटच्या वेचणीला तर ती परवडतही नाही. (घरच्या बायांची मजुरी पूर्वी कोणी हिशेबात धरतच नव्हते, हेही खरे.)

निवृत्त आरोग्यसेविका, धारणी तालुका
ताई, तुमच्या दोन्ही मुली जगतील याची तुम्हाला खात्री होती. मेळघाटात ज्या घरचे मूल दगावले होते, तिथे शस्त्रक्रियेचा विषय काढायला माझी जीभ रेटत नसे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. पण हा नियम सरपंच होऊ पाहणाऱ्यांना आवरतो, वस्तीवरच्या बाईला त्याचे काय? बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, मुली आश्रमशाळेत टिकल्या, तेव्हा बाया आपणहून विचारू लागल्या.

शेतकरी, समुद्रपूर तालुका
आम्ही दोघेच भाऊ. धाकटा चाकणला कारखान्यात असून दरमहा पैसे पाठवतो. त्यातून सोसायटीचे कर्ज फिटले. पण शेतात राबायला मी एकटाच उरल्याने यंदा अर्धी जमीन मक्त्याने दिली.